आकड्याची कुळकथा

दाभोळात 'टर्मिनल' म्हटलं की माणसाचा हात आपोआप खाडीपलीकडे जातो. तिकडे, वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गॅसचं टर्मिनल आहे; उणे 162 अंशांपर्यंत गार करून द्रव केलेला वायू घेऊन जहाजं तिथे लागतात. प्रकल्पाला नाव दाभोळचं, जमीन मात्र गुहागर तालुक्यातली. दाभोळ गाव अलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात. 1992 साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी वीजप्रकल्पाचे करार व्हायला लागले तेव्हापासून आमचं नाव असं पलीकडे नांदायला गेलेलं आहे. त्यामुळे यंदा पावसाळ्यात गावी येऊन लॅपटॉप उघडून बसलो, शेजारच्या काकांनी "दिवसभर काय काम करतोस रे?" म्हणून विचारलं आणि मी "टर्मिनलवर असतो" म्हणालो, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मग इथे कशाला बसलायस? फेरीबोटीने पलीकडे जा की!"

माझं टर्मिनल म्हणजे पडद्यावरची एक काळी खिडकी. तिच्यात हुकूम टाइप करायचे आणि लांबच्या कुठल्या तरी सर्व्हरने धाडलेली उत्तरं वाचायची. खरं तर तिला टर्मिनल म्हणणंही चूकच. टर्मिनल हे यंत्र होतं, जड, खडखडणारं, तारेच्या शेवटच्या टोकाला बसवलेलं. माझ्याकडे आहे तो टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राचं सोंग. आणि सोंग आमच्याकडच्या नमन-खेळ्यांत असतं तसं पक्कं. लॅपटॉप कालचा असला तरी सर्व्हरची समजूत अशीच की समोर 1978 सालचं यंत्र बसलंय.

हल्ली या सोंगाच्या पोटात एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली असते. घंटा वाजली, ओळ बदलली, खिडकी बंद झाली, असं काही घडलं की त्या जागी आपण लिहिलेल्या चार ओळी चालतात. इंग्रजीत त्या जागेला 'हूक' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? गळ म्हटलं तर तो पाण्यात सोडून वाट बघावी लागते. खुंटीवर आपण सदरा टांगतो. ती बिचारी काही ओढून घेत नाही. चालू तारेवर अडकवायचं आणि तिच्यातून वाहणारं थोडं आपल्या कामाला लावायचं, याला खेडोपाडी एकच नाव आहे: आकडा टाकणे. फरक एवढाच की विजेचा आकडा रात्री, बांबूच्या टोकाला वायर बांधून, गुपचूप टाकतात. इथे तार ओढणाऱ्यानेच आकडा टाकायची जागा आखून दिलेली असते. मीटर लावलेला आकडा म्हणा.

या आकड्याचं मूळ शोधत मागे गेलं की आपण एका ढोलापाशी पोचतो. 1963 साली बाजारात आलेलं टेलिटाइप कंपनीचं मॉडेल 33 हे सेकंदाला 10 अक्षरं कागदावर ठोकणारं यंत्र. त्याच्या पोटात दातेरी ढोल असायचा. विकत घेणाऱ्याने त्यावरचे ठरावीक दाते मोडून आपलं नाव किंवा नंबर कोरून ठेवायचा, जास्तीत जास्त 20 अक्षरांत. तारेवरून 5 क्रमांकाचा संकेत आला, म्हणजे पलीकडच्याने "तू कोण?" असं विचारलं, की ढोल एक फेरा फिरायचा आणि उत्तर आपोआप रवाना. ऑफिसला कुलूप असलं तरी चालेल. टेलेक्सच्या जमान्यात याचं महत्त्व मोठं होतं: निरोप योग्य जागी पडला याची खात्री माणसाला न उठवता व्हायची. खूण आली की ठरलेलं काम कर, एवढंच त्या ढोलाला ठाऊक होतं. पुढचे सगळे आकडे याच घराण्यातले. फक्त आता मोडायला दाते नाहीत, लिहायला ओळी आहेत.

दुसरा पूर्वज म्हणजे एस्केप. संगणकाच्या अक्षरसंचात 27 व्या जागी बसलेला हा संकेत बॉब बेमर या अमेरिकन माणसाने 1960 च्या सुमारास सुचवला. त्याचा अर्थ असा की आता पुढे येतंय ते छापू नकोस, ऐक. एस्केप, मग चौकोनी कंस, मग 3, 1 आणि एम, असा क्रम आला की रंगीत पडद्यावर पुढची अक्षरं लाल होतात. एम्युलेटरला क्रम कळला नाही तर हाच कचरा मजकुरात जसाच्या तसा उमटतो. 1978 साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने व्हीटी100 हे टर्मिनल काढलं, 80 रकाने आणि 24 ओळींचं, आणि त्याने या क्रमांच्या प्रमाणित बोलीला घरोघरी नेलं. आजची बहुतेक सोंगं याच्याच कुळातली.

यातली गोम लक्षात घ्यायला हवी. मजकूर आणि हुकूम, दोन्ही एकाच तारेवरून येतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत माणसं, दुचाक्या, आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो एकत्रच चढतात, तसं. बोटीवर कोण प्रवासी आणि कोण कप्तान हे कपड्यांवरून तरी कळतं. तारेवर सगळ्यांचे कपडे सारखे.

तिसरी पिढी कंटाळ्यातून जन्मली. मोडेमवरून रोज रात्री त्याच संगणकाला फोन लावायचा, 'लॉगिन' दिसलं की नाव टाइप करायचं, 'पासवर्ड' दिसलं की पासवर्ड. हे काम माणसाने किती रात्री करावं? कोलंबिया विद्यापीठात 1981 साली सुरू झालेल्या केर्मिट या प्रोग्रामला, ज्याचं नाव टीव्हीवरच्या एका कापडी बेडकावरून ठेवलं होतं, पुढे "हे दिसेपर्यंत थांब, मग हे पाठव" असे हुकूम शिकवण्यात आले. 1990 मध्ये डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' लिहिला तेव्हा त्यांना स्वतंत्र भाषा रचावी लागली नाही. जॉन औस्टरहाउट यांची टिकल ही भाषा मुळातच दुसऱ्याच्या प्रोग्रामात बसवण्यासाठी केलेली होती. तीच त्यांनी आत घेतली. तरी एक्स्पेक्ट टर्मिनलच्या बाहेरच उभा राहायचा, तुमच्या खुर्चीत बसून तुमच्यासारखं टाइप करणारा नोकर. आकडा अजून तारेवर पडला नव्हता.

तो आपल्याकडे पडला, पुण्यात, आणि माझ्या मते या सगळ्या कुळातला सर्वांत धीट आकडा तोच. 1988 साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी झालेलं काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आणलं आणि त्यातून जिस्ट कार्ड तयार झालं. तेव्हाची अडचण आज सांगून पटत नाही. कचेरीत नोंदी ठेवायला डीबेस चालायचा, टायपिंगला वर्डस्टार. दोन्ही अमेरिकेत बनलेले, देवनागरीचं नाव न ऐकलेले. त्यांच्या आतल्या ओळी कोणी हातात देणार नव्हतं. मग प्रोग्रामला हात न लावता त्याला मराठी कशी शिकवायची?

जिस्टचं उत्तर असं होतं की शिकवायचीच नाही. कार्ड पीसीत खोचायचं. ते एकीकडे कीबोर्ड आणि प्रोग्राम यांच्या मधे बसायचं, दुसरीकडे प्रोग्राम आणि पडदा यांच्या मधे. तुम्ही मराठी टाइप केलं की प्रोग्रामच्या हाती 128 च्या वरचे काही संकेत पडायचे. त्याच्या लेखी ती कसली तरी चिन्हं. त्याने ती निमूटपणे साठवायची, शोधायची आणि पडद्याकडे पाठवायची. वाटेत कार्ड ती अडवून जोडाक्षरं घडवायचं. तिकडे डीबेस 1980 च्या दशकात अमेरिकेतच बसलेला, आणि इकडे पडद्यावर मराठी नावांची यादी. युनिक्सच्या मोठ्या यंत्रांसाठी हेच तंत्र जिस्ट टर्मिनलमध्येही आलं.

हे संकेत म्हणजे इस्की. 1991 साली भारतीय मानक 13194 म्हणून ते ठरले. त्यात 239 व्या जागी एक संकेत आहे. तो स्वतः कुठलंही अक्षर नाही. त्याच्या पुढचा संकेत लिपी किंवा अक्षराचा बाज सांगतो. म्हणजे आपल्या घरचा एस्केप! ब्राह्मीकुळातल्या सगळ्या लिप्यांत एकाच वर्णाला इस्कीत एकच क्रमांक. 'दाभोळ' इस्कीत 5 बाइटांत बसतं: द, काना, भ, ओकार, ळ. त्याच्या आधी 239 आणि कन्नडचा क्रमांक ठेवा, तेच 5 बाइट कन्नडमध्ये उमटतील. मजकूर बदलला नाही, फक्त वाटेवरचा आकडा बदलला. पुढे जगभरच्या लिप्यांसाठी आलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळा पट्टा दिला आणि ही गंमत गेली. त्यामागे कारणं होती आणि ती रास्त होती, तरी मला हळहळ वाटते.

टर्मिनलमध्ये देवनागरीचं दुखणं मात्र तिथे संपलं नाही. 80 चौकटींच्या ओळीत एका चौकटीत एक अक्षर, हा व्हीटी100 चा संसार. 'वाशिष्ठी' युनिकोडमध्ये 8 संकेतांची. त्यातली पहिली वेलांटी 'श' नंतर येते पण काढायची त्याच्या आधी, आणि 'ष्ठ' दोन अक्षरांचं एक होणार. किती चौकटी धरायच्या? सर्व्हर एक हिशेब करतो, खिडकी दुसरा, आणि कर्सर भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मी नदीच्या काठी बसून नदीचं नाव नीट लिहू शकत नाही, असे दिवस मी भरपूर काढले आहेत.

आकडा टाकायला भाषा कुठली, हा प्रश्न पुढे प्रत्येकाने आपापल्या आवडीने सोडवला. आरएक्सव्हीटी-युनिकोड या एम्युलेटरमध्ये मार्क लेमान यांनी पर्ल भाषाच पोटात बसवली. ओळ बदलली, कळ दाबली, घंटा झाली, प्रत्येकाला वेगळा आकडा. आयटर्म2 मध्ये ठरावीक मजकूर दिसला की ठरावीक काम करणारे ट्रिगर आले आणि नंतर पायथन. कॅलिबर हा ई-पुस्तकांचा प्रोग्राम लिहिणारे भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांनी किटी नावाचा एम्युलेटर काढला आणि त्याच्या पायथनमधल्या जोडकामांना 'किटन' म्हणाले; मांजर आणि तिची पिल्लं. मी वापरतो तो वेझ फरलाँग यांचा वेझटर्म. त्यात भाषा लुआ. ही 1993 साली रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मली. परदेशी संगणक-सामान आणण्यावर ब्राझीलमध्ये त्याच्या आदल्या वर्षापर्यंत कडक बंधनं होती आणि तिथल्या सरकारी तेल कंपनीला हवी ती साधनं घरीच बनवावी लागत होती. बाहेरचं हातात नाही म्हणून घरचं काढा, ही पुण्याची आणि रिओची कथा एकाच काळातली.

माझा आकडा साधा आहे. पावसात इथलं नेटवर्क येतं-जातं, सर्व्हरवरचं काम तासभर चालतं आणि मी मागल्या पडवीत असतो. म्हणून कामाच्या शेवटी सर्व्हरने 7 क्रमांकाचा संकेत पाठवायचा, असं ठरवलं. लुआच्या तीन ओळी: घंटेची घटना घडली की ही खिडकी घे, 'काम झालं' अशी चिठ्ठी पडद्याच्या कोपऱ्यात 4000 मिलिसेकंद दाखव. बस. पण हा 7 तोच, ज्याने मॉडेल 33 ची खरी घंटा ठण् वाजायची. धातूची घंटा वितळून गेली, क्रमांक राहिला.

आकडा दोन्ही बाजूंनी ओढतो, हे मात्र विसरू नये. एक्सटर्म या जुन्या एम्युलेटरला एक हुकूम होता: खिडकीचं शीर्षक काय आहे ते सांग. खिडकी उत्तर द्यायची, पण तारेवर, म्हणजे तुम्हीच टाइप केल्यासारखं. कोणी फाइलीत आधी "शीर्षक अमुक कर" आणि पाठोपाठ "शीर्षक सांग" लिहून ठेवलं, आणि तुम्ही ती फाइल नुसती वाचायला उघडली, तर तुमच्या हुकुमाच्या ओळीवर त्याची अक्षरं येऊन बसणार. सुरक्षातज्ज्ञ एच. डी. मूर यांनी 2003 साली असे बरेच प्रकार एकत्र मांडले. आता ही उत्तरं सहसा बंद ठेवलेली असतात.

एक उत्तर मात्र अजून कुठे कुठे चालू आहे. पुटी या एम्युलेटरात चुकून एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली की हुकुमाच्या ओळीवर 'पुटीपुटीपुटी' असं येतं. नवख्याला वाटतं व्हायरस. असतो तो ढोल. फाइलीत जिथे जिथे 5 क्रमांकाचा बाइट आला तिथे तिथे "तू कोण?" झालं, आणि पुटीने प्रामाणिकपणे आपलं नाव सांगितलं.

वेझटर्ममध्ये हे उत्तर मुळात कोरं असतं. परवा रात्री, लाइट गेलेले, बॅटरीवर बसलो होतो, तेव्हा मी तिथे 'दाभोळ' लिहिलं. यूटीएफ-8 मध्ये 15 बाइट होतात. ढोलाच्या 20 अक्षरांच्या आतच. मग मुद्दाम एक चित्राची फाइल पडद्यावर ओतली. ओळीवर ओळी कचरा वाहून गेला, आणि तो थांबल्यावर हुकुमाच्या जागी, मी एकही कळ न दाबता, आलं: दाभोळदाभोळदाभोळ. काकांना हाक मारून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, म्हणाले, "तीनदा कशाला? एकदा सांगितलं तरी कळतं." एंटर न दाबता मी ती ओळ पुसली.