ग्रीक परंपरा नेमकी कुठल्या ताटात?

अथेन्सच्या प्लाका भागात पर्यटकांसाठी थाटलेल्या खानावळींत मुसाका हमखास मिळतो. वांग्याच्या तळलेल्या चकत्या, त्यावर खिमा आणि सगळ्यांत वर भाजून सोनेरी झालेला बेशामेल या फ्रेंच सॉसचा जाड थर. ‘पारंपरिक ग्रीक पदार्थ’ म्हणून जगभर याचीच ओळख आहे. वांगी आणि खिम्याचा पदार्थ उस्मानी साम्राज्यात जुनाच, पण वरचा पांढरा थर जेमतेम शंभर वर्षांचा आहे आणि त्याचं श्रेय निकोलाओस त्सेलेमेन्देस (१८७८–१९५८) या आचाऱ्याला दिलं जातं. तो व्हिएन्नात तयार झाला, १९१० मध्ये त्याने पाककलेचं मासिक काढलं, पुढे काही वर्षं अमेरिकेत राहिला आणि त्याचं पाकपुस्तक ग्रीसच्या मध्यमवर्गीय घराघरांत पोचलं. तुर्कांच्या सहवासाने ग्रीक रांधप बिघडली, ती शुद्ध करायची तर मसाले कमी करून फ्रेंच पद्धतीकडे वळलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणजे आज परंपरा म्हणून जे ताट पुढे येतं, त्यातला बराच भाग जुनं पुसून नवं घडवण्याच्या प्रयत्नातून आला आहे. मग जुनं कुठे गेलं? माझ्या मते ते उपवासाच्या ताटात टिकून राहिलं, आणि ग्रीक जेवणाचा शोध तिथूनच सुरू व्हायला हवा.

ऑर्थोडॉक्स चर्चचं पंचांग काटेकोर पाळलं तर वर्षातले सुमारे १८० दिवस उपवासाचे भरतात. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि त्यानंतरचा पवित्र सप्ताह, नाताळआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय वर्षभरातले बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. या दिवसांत मांस, दूध, चीज, अंडी वर्ज्य. मासेही बहुतेक दिवस चालत नाहीत, पण रक्त नसलेले मानले जाणारे जीव म्हणून ऑक्टोपस, माकुल आणि शिंपले चालतात. २५ मार्चच्या सणाला माशांची मुभा असते, म्हणून त्या दिवशी घरोघरी खारवलेला कॉड तळून लसणीच्या चटणीबरोबर खातात. कडक दिवशी तर तेलही नाही. अर्धं वर्ष अशा बंधनात काढणाऱ्या समाजाला भाज्या, कडधान्यं आणि रानातला पाला रुचकर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऑलिव्ह तेलात मुरवलेल्या भाज्यांची ‘लादेरा’ ही अख्खी शाखा या गरजेवर पोसली गेली.

लादेरातली भेंडी कशी करतात ते पाहा. भेंडी लहान आणि कोवळी निवडायची. देठ आडवा उडवायचा नाही. पेन्सिलीला टोक काढावं तसा तो सुरीने गोल तासायचा, म्हणजे आतली पोकळी उघडी पडत नाही आणि चिकट रस बाहेर येत नाही. मग मीठ आणि व्हिनेगर लावून ती तासभर उन्हात ठेवायची. कांदा भरपूर तेलात मंद परतून त्यात टोमॅटो आणि भेंडी घालायची, झाकण ठेवायचं आणि पुढे चमचा लावायचा नाही. ढवळायचं झालंच तर भांडं धरून हलवायचं. पाणी आटून रस्सा तेलावर आला की भाजी झाली. ती गरमागरम खात नाहीत. कोमट होऊ देतात, चव मुरू देतात आणि पावाने रस्सा टिपून घेतात. फोडणी नाही, मसाला नाही. सगळा भार वेळेवर आणि तेलावर. सांतोरिनीच्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, म्हणजे फावा, याच वळणाचं. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखेच्याच कुळातली. कांद्याबरोबर ती मऊ शिजवतात, घोटतात आणि वर कच्चा कांदा, लिंबू व ऑलिव्ह तेल घालतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. टोमॅटो मूळ अमेरिकेतला, ग्रीसमध्ये तो एकोणिसाव्या शतकात रुळला; बटाट्याचा प्रसार १८२८ नंतर कापोदिस्त्रियासच्या राजवटीत झाला. मग लादेराला जुनं आणि मुसाकाला नवं कोणत्या तोंडाने म्हणायचं? याचं उत्तर मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. आपल्या एकादशीचा साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे ही सगळी पिकं मुळात दक्षिण अमेरिकेतली, तरी एकादशी पोर्तुगीजांनी आणली असं कुणी म्हणत नाही. नियम जुना असतो, नवा जिन्नस त्यात सामावून घेतला जातो. टोमॅटो उपवासाच्या ताटात आला तो ताटाचे नियम मान्य करून. बेशामेल आला तो ताट बदलायला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे ताट धर्मापेक्षा गरिबीचं होतं, त्याचे गोडवे कशाला? १९४८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाने क्रीट बेटावर पाहणी केली, तेव्हा तिथल्या आहारात तेल, धान्य, कडधान्यं, भाज्या आणि फळंच मुख्य दिसली. पण मांस जास्त मिळावं, ही खुद्द क्रीटवासीयांची इच्छा होती. त्याआधी १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या अथेन्सने भयंकर दुष्काळ सोसला होता. तेव्हा शेतातला पाला खुडून खाण्याला कुणी ‘भूमध्य आहार’ म्हटलं नव्हतं; तो गौरव आला अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीजच्या संशोधनानंतर, आणि युनेस्कोची मोहोर तर थेट २०१० मध्ये उमटली. हे सगळं मान्य. पण गरिबी हे एकमेव कारण असतं, तर पैसा आल्यावर ही भाजी चुलीवरून उतरली असती. ती उतरली नाही. आजही लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झालं की ग्रीसमधल्या खानावळी उपवासाचे पदार्थ मांडतात, आणि त्या काळातल्या पहिल्या सोमवारी बेकऱ्यांत लागाना ही तिळाची चपटी भाकरी मिळते.

त्सेलेमेन्देसच्या शुद्धीकरणाला सगळ्यांत मोठं उत्तर मात्र इतिहासानेच दिलं. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीच्या काळात आशिया मायनरमधून सुमारे बारा लाख ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले. जिरं, दालचिनी, पास्तुर्मा हे मसाला लावून वाळवलेलं मांस, जिरं-लसूण घातलेले स्मर्नाचे लांबट कोफ्ते हे सगळं त्यांच्याबरोबर आलं. स्थानिकांनी आधी नाकं मुरडली, हे त्या काळाचं दुःखद वास्तव आहे. पण बोली आणि चवी वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडच्या बायका एकाच बुधवारी मांस टाळत होत्या आणि एकाच रात्री ईस्टरचा उपवास सोडत होत्या. फ्रेंच सॉसपेक्षा या पंचांगाने ग्रीक स्वयंपाकघराला अधिक घट्ट बांधून ठेवलं.

मुसाका खाऊ नका, असं माझं म्हणणं नाही. तो रविवारचा, पाहुण्यांचा पदार्थ आहे आणि आता तोही ग्रीकच आहे. पण ग्रीसला जायचं ठरत असेल तर तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचा ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे ते पाहा, त्याआधीच्या चाळीस दिवसांत जा आणि खानावळीत ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपवासाचं काय आहे, ते विचारा. जाणं जमणार नसेल, तर बाजारातून कोवळी भेंडी आणा आणि देठ तासून उन्हात ठेवा.