हेरोदाची शपथ आणि एका शेतकऱ्याचा नकार

हेरोद राजाने आपली शपथ पाळली, म्हणूनच योहान बाप्तिस्त्याचे शिर तबकात आले. शपथ घेताना आपण परमेश्वराला साक्षी ठेवतो. मग पापकर्मासाठी त्याचीच साक्ष कशी चालेल? दुष्कर्माची शपथ बंधनकारक नाही, हे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच स्पष्ट केले. तथापि हे तत्त्व आचरणात आणणे किती कठीण, हे ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याच्या चरित्रावरून कळते.

फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म १९०७ साली सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ साली झालेल्या मतदानात गावातून विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे. १९४० साली त्यांना सैन्यात बोलावण्यात आले. तेव्हा त्यांनी सैनिकाची शपथ घेतली होती. पुढील वर्षी शेतीसाठी ते घरी परतले. हे युद्ध अन्याय्य आहे, त्यात शस्त्र धरणे पाप आहे, अशी त्यांची खात्री होत गेली. ते लिंझच्या बिशपांना भेटले. बिशपांनी कुटुंबाच्या कर्तव्याची आठवण दिली. युद्धाची जबाबदारी राज्यकर्त्यांची, असेही समजाविले. फ्रान्झ यांनी आदराने ऐकले. परंतु मनाचे समाधान झाले नाही.

मार्च १९४३ मध्ये ते एन्सच्या छावणीत स्वतः हजर झाले व लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्यांनी दाखविली. ती मान्य झाली नाही. हिटलरच्या नावाची शपथ नाकारणाऱ्या फादर फ्रान्झ रायनिश यांना १९४२ साली देहदंड झाला होता, हे तुरुंगात कळल्यावर त्यांना मोठा धीर आला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला. मागे पत्नी फ्रान्झिस्का व लहान मुली राहिल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली त्यांचे उदाहरण पुढे ठेवले ते मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. सदसद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे, असे परिषदेने म्हटले. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. २००७ साली ख्रिस्तसभेने फ्रान्झ यांना धन्य घोषित केले. नव्वदी ओलांडलेल्या फ्रान्झिस्का त्या सोहळ्यास उपस्थित होत्या.

मग मनाला पटेल तेव्हा कायदा मोडावा काय? मुळीच नाही. हट्टालाही आपण सदसद्विवेक म्हणू शकतो. फ्रान्झ यांनी प्रार्थना केली, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला, कोणास इजा केली नाही, आणि किंमत स्वतः मोजली. पाळक म्हणून मला प्रश्न पडतो : ते माझ्याकडे आले असते, तर मीही त्यांना बिशपांचाच सल्ला दिला असता काय? बहुधा दिला असता. म्हणूनच हे चरित्र मला अस्वस्थ करते.