दऱ्या आणि दर्या

निपाणीहून राधानगरी व दाजीपूर मागें टाकून देवगडास निघालेला प्रवासी फोंडाघाट उतरूं लागतो, तेव्हां वाटेंत दऱ्या लागतात. दर्या अजून दूर असतो. बोलतांना या दोन शब्दांत मराठी माणसाची गफलत होत नाहीं. 'दर्या' म्हणतांना 'र्' मागच्या 'द'वर आदळतो आणि तो 'द' गुरु होतो. 'दऱ्या' म्हणतांना 'र्' पुढच्या 'या'स बिलगतो आणि 'द' लघूच राहतो. कागदावर मात्र या भेदाचा सारा भार एका चिमुकल्या चिन्हावर आहे. एकीकडे डोक्यावरचा रफार. दुसरीकडे 'य'च्या अलीकडे काढलेली लहानशी बांकदार रेघ. इंग्रजी लेखकांनीं तिला पापणीच्या केसाचें नांव दिलें आहे, आणि तें शोभतेंहि.

हिंदीस या रेघेची गरज पडत नाहीं. आपणांस ती पदोपदीं लागते. दरी, सुरी, वारा, नवरा हे शब्द चालवूं लागा, कीं ती हजर! कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा यांत ती 'ह'पूर्वीं येते. ती गळाली, तर आचाऱ्यास धाडलेला निरोप आचार्यास पोंचावयाचा. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं हा प्रश्न सोपा होता. छापखान्याच्या पेटींत तेवढा खिळा असला कीं झालें. जुळाऱ्यानें तो उचलून बसविला, कीं काम भागलें.

संगणकास खिळे नाहींत; त्यास केवळ आंकडे कळतात. 'इस्की' ही भारतीय लिप्यांची आंकडेवारी १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरली. त्याच वर्षीं साऱ्या जगाच्या लिप्यांसाठीं 'युनिकोड'ची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली होती. युनिकोडांत 'र' म्हणजे २३५२, हलन्ताचें चिन्ह २३८१ आणि 'य' २३५१. हे तीन आंकडे ओळीनें आले, कीं नियमानें रफारच उमटतो. म्हणजे दर्या मिळाला, दऱ्यांचें काय?

मराठीच्या अर्ध्या 'र'स स्वतंत्र आंकडा मिळालाच नाहीं. त्याऐवजीं दोन वाटा ठरल्या. एकींत हलन्तापुढें ८२०५ क्रमांकाचें अदृश्य सांधणारें चिन्ह घालावयाचें. दुसरींत शेजारचा २३५३ घ्यावयाचा. हा नुक्ता दिलेला 'ऱ' असून, तमिळसारख्या दक्षिणी भाषांतील निराळा 'र' देवनागरींत लिहितां यावा म्हणून तो ठेवलेला आहे. त्याचें अर्धें रूप म्हणजेच आपली रेघ, असा नियम इस्कीशीं मेळ राखण्यासाठीं झाला. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशीं सुसंगति राहावी म्हणून अदृश्य चिन्हाची वाटहि कायम राहिली. मराठीचें नाणें दक्षिणेच्या थैलींतून काढावयाचें, असा हा प्रकार! जॉर्जियन लिपीच्या मोठ्या अक्षरांना २०१८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाले, हें पाहिलें म्हणजे आपल्या अर्ध्या 'र'विषयीं थोडें वाईट वाटतें.

पण भावनेपेक्षां व्यवहार मोठा. दोन्ही वाटांनीं लिहिलेला 'दऱ्या' डोळ्यांस अगदीं सारखा दिसतो. यंत्रास मात्र ते दोन निराळे शब्द. एका रीतीनें नोंदलेलें 'वऱ्हाड' दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास, मुद्दाम तजवीज केलेली नसेल तर, सांपडत नाहीं. आणखी एक संकट आहे. मजकूर साफ करतांना कांहीं आज्ञावली अदृश्य चिन्हें निरुपयोगी समजून झाडून टाकतात. तसें झालें म्हणजे पहिल्या वाटेनें लिहिलेल्या साऱ्या दऱ्यांचा एका क्षणांत दर्या होतो, आणि शब्द शुद्धच दिसत असल्यानें मुद्रितें तपासणाऱ्याच्याहि ध्यानांत येत नाहीं.

माझ्या मतें २३५३ चीच वाट धरावी. तिचें कूळ परकें असलें, तरी तें चिन्ह डोळ्यांस दिसतें, आणि जें दिसतें तें सहसा कोणी झाडून टाकीत नाहीं. मात्र जुन्या मजकुरांत कऱ्हाड किंवा वऱ्हाड शोधावयाचें असेल, तर तूर्त दोन्ही रीतींनीं शोधणें भाग आहे.