पट आणि निकाल : मालवण किनाऱ्यावरील माध्यमिक शिक्षणाची वाटचाल

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची दहावीची परीक्षा पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळाकडे होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ अस्तित्वात आल्यावर 2012 पासून त्यांचा निकाल वेगळा जाहीर होऊ लागला आणि तेव्हापासून या विभागाने राज्यातील पहिले स्थान सोडलेले नाही. 2024 मध्ये राज्याचा निकाल 95.81 टक्के असताना कोकणाचा 99.01 टक्के लागला, तर 2025 मध्ये हे आकडे अनुक्रमे 94.10 आणि 98.82 टक्के होते. या यशाचे कौतुक योग्यच आहे. परंतु निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते, आणि परीक्षेपर्यंत कोण पोहोचले हे शाळेचा पट, म्हणजे दाखल विद्यार्थ्यांची नोंद, सांगतो. सिंधुदुर्गातील मालवण किनाऱ्यावरील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय नीट उलगडत नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक, म्हणजे प्रवेश परीक्षा, झाली, तेव्हा शंभराहून अधिक उमेदवारांपैकी जेमतेम विसेक उत्तीर्ण झाले. त्या थोड्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, ज्यांचा जन्म 1837 मध्ये मालवणात झाला होता. त्यांचे वडील महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणूनच तेथील इंग्रजी शाळा मुलाच्या वाट्याला आली; पुढे 1853 मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत गेले आणि 1862 मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी दुमत नाही, तथापि लिहित्या-वाचत्या जातीत जन्म, वडिलांची सरकारी नोकरी आणि बदलीचे ठिकाण या तीन गोष्टी जुळून आल्या नसत्या, तर त्या बुद्धिमत्तेला परीक्षेची पायरीही दिसली नसती.

त्या काळी हा किनारा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता, सावंतवाडीचे संस्थान त्याला लागून होते, आणि डोंगराळ, कातळी जमिनीत वर्षाचे धान्य पुरेसे पिकत नसल्यामुळे घरटी एखादा पुरुष आगबोटीने मुंबईला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लाखाहून अधिक लोक राहत होते. त्यांतील बहुतेक गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात होते, आणि ज्याच्याजवळ मॅट्रिकचा दाखला असे त्याला मात्र पेढीत किंवा कचेरीत कारकुनी मिळे. त्यामुळे या भागात शाळेचा अर्थ प्रथमपासूनच बाहेर पडण्याची सोय असा झाला, आणि गावाकडे येणारी मनीऑर्डर हीच पुढच्या भावंडाची फी बनली.

बाहेर गेलेल्यांनीच पुढे गावाच्या शाळा उभारण्यास हात दिला. मुंबईत टोप्यांच्या व्यापारात संपत्ती मिळवलेल्या देसाई-टोपीवाला घराण्यातील अनंत शिवाजी देसाई यांचे नाव मालवणच्या हायस्कुलाला आहे, तर भंडारी एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल एखादा समाज आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी संघटित झाला म्हणजे काय घडते याची साक्ष देते. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये वि. स. खांडेकर यांनी 1920 ते 1938 अशी अठरा वर्षे शिकवले. खेड्यातल्या शाळेला इतका समर्थ शिक्षक इतका दीर्घकाळ लाभणे ही साधी बाब नव्हती, कारण अशा शाळांचा निकाल इमारतीपेक्षा टिकून राहणाऱ्या शिक्षकांवर अधिक अवलंबून असे.

तरीही पटावरील नावे गावाचे प्रतिबिंब नव्हती. दलित मुलांना बहुतेक ठिकाणी वेगळे किंवा बाहेर बसवले जाई; भंडारी समाजाचेच नेते सीताराम केशव बोले यांनी 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावाने सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण मान्य झाले, पण ठराव आणि वर्गातील बाक यांमधील अंतर कापायला पुढे अनेक वर्षे लागली. गाबित, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या मुलांची अडचण वेगळी होती : मासेमारीचा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू होऊन थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि शाळेच्या अभ्यासाचे महिनेही तेच असतात, शिवाय रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, पुष्कळ हात लागतात. अशा घरातील मुलगा शाळा सोडे तेव्हा त्याची नोंद अनुत्तीर्णांत होत नसे. ती कोठेच होत नसे.

पटाची नोंद रुंदावली ती स्वातंत्र्यानंतर. सावंतवाडीचे संस्थान 1948 मध्ये विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले. 1959 पासून आर्थिकदृष्ट्या मागासांना मिळालेल्या ई.बी.सी. सवलतीमुळे फीची भिंत खचली. 1970 च्या दशकात अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची परीक्षा आली. आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. सर्वांत खोल बदल मुलींच्या शिक्षणात घडला. पुरुष मुंबईत असल्यामुळे येथे स्त्रियांची संख्या अधिक असते, 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण दर हजार पुरुषांमागे 1036 होते. घर, शेती आणि मुलांचा अभ्यास सांभाळणाऱ्या या स्त्रियांच्या मुली आणि नाती आज दहावीच्या वर्गात आहेत; 2011 मध्येच जिल्ह्याची साक्षरता 85.56 टक्क्यांवर पोहोचली होती.

मात्र त्याच जनगणनेने दुसरी बाजूही दाखवली. 2001 मध्ये 8,68,825 असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 8,49,651 झाली, म्हणजे राज्य वाढत असताना सिंधुदुर्ग आक्रसला. लहान वर्गामुळे शिक्षकाला प्रत्येक मुलाचे घर ठाऊक असते आणि कच्च्या मुलाकडे लक्ष जाते, हे उंच निकालाचे एक कारण मानता येते. पण वर्ग लहान होण्यामागे घटते जन्मप्रमाण आणि बाहेर गेलेली तरुण कुटुंबे आहेत, आणि पट पुरेसा नसेल तर शिक्षकांची मंजूर पदे कमी होतात. पदे गेली की उरलेल्या मुलांना विषयाचा शिक्षक मिळत नाही, आणि ज्या निकटतेने निकाल उंचावला तीच धोक्यात येते.

दीड शतकात विसेक यशस्वी मुलग्यांपासून जवळजवळ प्रत्येक परीक्षार्थी उत्तीर्ण होण्यापर्यंतचा हा प्रवास कोणा एका समाजाचा, एका दात्याचा किंवा एका मंडळाचा नाही. फी पाठवणारे चाकरमानी, शाळेसाठी वर्गणी काढणारे समाज, दाराबाहेर थांबवलेल्यांनी मिळवलेला हक्क आणि घर सांभाळणाऱ्या आया यांनी तो घडवला आहे. म्हणून या जिल्ह्याच्या शिक्षणाचे मोजमाप करताना दहावीला किती उत्तीर्ण झाले याबरोबर पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीपर्यंत टिकले, आणि दहावीनंतर आपल्याच तालुक्यात शिकण्याची व कमावण्याची संधी किती जणांना मिळाली, हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नात सिंधुदुर्गाने राज्याला धडा दिला आहे; उरलेल्या दोन प्रश्नांची जबाबदारी शाळेची एकटीची नसून शासनाची आणि समाजाची आहे.