सार्वजनिक म्हणजे कुणाचे? महाडचे तळे आणि टोरंटोचा सरोवरकाठ



कॅनडातल्या टोरंटो शहरात ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर ऑन्टारिओ प्लेस नावाची एक जुनी बाग आहे. तिचे काय करायचे, यावरून तिथे गेली काही वर्षे मोठा वाद चालू आहे. आपल्या चळवळीतल्या तरुणाने हा वाद का वाचावा, हा प्रश्न रास्त आहे. टोरंटो आपल्याला अगदी परके नाही. मार्च २०२३ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने जातीवरून होणारा भेदभाव अधिकृतपणे मान्य केला, आणि असे करणारे ते कॅनडातले पहिले शाळा मंडळ ठरले. पण आमचे कारण त्याहून जुने आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ काय, यावर बाबासाहेबांनी महाडला रस्त्यावर आणि कोर्टात मिळून दहा वर्षे लढाई केली. तोच शब्द आज टोरंटोत कसा वाकवला जातो आहे, हे पाहिले की आपल्याकडे काय चालले आहे ते अधिक स्वच्छ दिसते.

आधी बागेचा इतिहास.

ऑन्टारिओ प्लेस २२ मे १९७१ रोजी लोकांसाठी उघडले. मॉन्ट्रियलला १९६७ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनातल्या आपल्या दालनाला मिळालेली वाहवा पाहून ऑन्टारिओच्या प्रांतिक सरकारने हे काम हाती घेतले होते. सरोवरात भराव टाकून बेटे तयार केली. खांबांवर उभे असलेले पाच मोठे कक्ष थेट पाण्यावर बांधले. शेजारी घुमटाचे चित्रपटगृह उभे राहिले, सिनेस्फिअर. जगातले पहिले कायमस्वरूपी आयमॅक्स चित्रपटगृह ते हेच. वास्तुरचना एबरहार्ड झाइडलर यांची आणि बेटांची, झाडांची, पायवाटांची आखणी मायकेल हफ यांची. मधोमध एक खुला रंगमंच होता, ‘फोरम’. बागेत एकदा आत गेलात की फोरमच्या कार्यक्रमाला वेगळे तिकीट नसे. गवताच्या उतारावर बसून गिरणीतला कामगार आणि बँकेचा अधिकारी एकच सिम्फनी ऐकत. १९७२ मध्ये मुलांसाठी खेळगाव झाले, जिथे पोरे जाळ्यांवर चढत आणि पाण्यात भिजत.

इथे आम्हाला भाबडेपणा करायचा नाही. या बागेला प्रवेशशुल्क होते आणि ती उभारणारे सरकार समाजवादी नव्हते, चक्क कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते. पण त्या काळातल्या उजव्या सरकारलासुद्धा वाटत होते की शहरातल्या ज्या कुटुंबाकडे सुटीचा बंगला नाही, त्याला सरकारने पाण्याकाठी एक दिवस मिळवून द्यावा. आज तेवढे म्हणणाराही डावा ठरतो.

पुढचा इतिहास आपल्या ओळखीचा आहे. १९९४ च्या हंगामानंतर फोरम पाडला आणि त्या जागी बिअर कंपनीचे नाव लावलेले तिकिटाचे मोठे प्रेक्षागृह आले. देखभाल मागे पडत गेली, गर्दी ओसरली. शेवटी २०१२ मध्ये सरकारने तोटा दाखवून बागेचा बहुतेक भाग बंद केला. हे सरकार लिबरल पक्षाचे होते. म्हणजे या कथेत एकाच पक्षाला खलनायक करण्याची सोय नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो आणि ही पद्धत आम्हाला पाठ आहे. आधी शाळेला शिक्षक द्यायचे नाहीत, मग पटसंख्या कमी झाली म्हणून शाळा बंद करायची. आधी बसगाड्या कमी करायच्या, मग प्रवासी घटले म्हणायचे. सरकारी मालमत्ता एका रात्रीत मोडकळीला येत नाही. ती तशी येऊ दिली जाते, आणि मग तिच्याकडे बोट दाखवून ‘पुनर्विकास’ हा शब्द उच्चारला जातो.

बाग बंद झाल्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट घडली, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. २०१७ मध्ये पूर्वेकडच्या एका वाहनतळाच्या जागी साडेसात एकरांचे ट्रिलियम पार्क झाले, पूर्णपणे मोफत. बेटांवरच्या पायवाटाही लोकांनी पुन्हा वापरात आणल्या. कोरोनाच्या काळात सगळे शहर घरात कोंडले गेले तेव्हा लोक चालायला, सायकल चालवायला, पक्षी पाहायला पश्चिम बेटावर येऊ लागले. तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून पोहायला उतरू लागले, काही जण तर भर हिवाळ्यातसुद्धा. पाळणे बंद, दुकाने बंद, तिकीटखिडकी बंद. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी लावलेली झाडे आता उंच झालेली. ज्या जागेला सरकार ‘मृत’ म्हणत होते, ती जागा नेमकी त्याच काळात खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाली होती. कुणी मालकी मागितली नव्हती, कुणी ठराव केला नव्हता. लोक येत होते, एवढेच.

आणि नेमक्या याच बेटावर सरकारची नजर होती.

जुलै २०२१ मध्ये प्रीमियर डग फोर्ड यांनी (प्रीमियर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे पद) योजना जाहीर केली. पश्चिम बेट ऑस्ट्रियाच्या थर्मे या कंपनीला, तिथे काचेच्या छताखाली गरम पाण्याची स्नानगृहे आणि जलक्रीडा. प्रेक्षागृहाचा विस्तार लाइव्ह नेशन या कंपनीकडे. २०२२ मध्ये थर्मेशी झालेला भाडेकरार ९५ वर्षांचा आहे. सरकारचे म्हणणेही सांगितले पाहिजे: बाग वर्षानुवर्षे पडून होती, खासगी भांडवल येईल, रोजगार मिळेल, वर्षभर पर्यटक येतील, आणि बेटाच्या कडेने मोफत पायवाट व नवा किनारा लोकांना मिळेलच. यातला शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मधला भाग तिकिटाचा आणि कडेची वाट मोफत! गावकुसाची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कडेची वाट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

लोकांनी विरोध केला. ‘ऑन्टारिओ प्लेस फॉर ऑल’ ही नागरिकांची संघटना उभी राहिली, सभा झाल्या. वास्तुविशारदांनी वारशाचा मुद्दा मांडला आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने तर आधीच, २०२० च्या आपल्या यादीत, या जागेचा समावेश केला होता. जून २०२३ मध्ये महापौरपदी निवडून आलेल्या ऑलिव्हिया चाओ यांनी निवडणुकीत या योजनेला विरोध केला होता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रांताने शहराचे दोन खर्चिक महामार्ग स्वतःकडे घेतले, शहराला पैसा दिला, आणि त्या तडजोडीत शहराने ऑन्टारिओ प्लेसवरचा हट्ट सोडला. चाओ यांना आम्ही दोष देणार नाही. ज्या महापौराची तिजोरी रिकामी आहे, त्याच्या तत्त्वाला फार दिवस उभे राहता येत नाही. आपल्याकडच्या नगरपालिकांनाही हे ठाऊक आहे.

त्याच वेळी विधिमंडळात जे घडले ते जास्त गंभीर होते. नोव्हेंबरच्या शेवटी मांडलेल्या आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मंजूर झालेल्या कायद्याने ऑन्टारिओ प्लेसला पर्यावरण मूल्यमापनाच्या आणि वारसा जतनाच्या कायद्यांतून सूट दिली, शहराचा आवाजाचा नियमही लागू होणार नाही असे ठरवले. शिवाय या प्रकल्पावरून सरकारविरुद्ध दावे करण्याच्या वाटा मोठ्या प्रमाणात बंद केल्या. म्हणजे जमीन तर घेतलीच, पण त्याआधी जमिनीबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार घेतला. नागरिकांच्या एका गटाने या कायद्याला आव्हान दिले. सार्वजनिक जमीन सरकारकडे लोकांची ठेव म्हणून असते, सरकार तिचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, असा त्यांचा एक मुद्दा होता. २०२४ मध्ये प्रांतिक न्यायालयाने तो अर्ज फेटाळला.

इथे आपण महाडकडे वळू, कारण हाच प्रश्न तिथे उलट्या बाजूने आला होता.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे आपले झाले. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. त्यांचा युक्तिवाद तरुणांनी नीट लक्षात घ्यावा. अस्पृश्य अपवित्र आहेत, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी सांगितले की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते ‘चौधरी तळे’ आहे, खासगी आहे. धर्म कोर्टात टिकणार नाही असे वाटले की मालकी पुढे येते. हा दावा मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी कायमचा निकाली काढला. बाबासाहेब जिंकले.

महाडमध्ये कायदा लोकांच्या बाजूने होता आणि समाज आड येत होता. टोरंटोत लोक प्रत्यक्ष बेटावर वावरत होते, समाज आड येत नव्हता, तेव्हा सरकारने कायदाच बदलून घेतला. जातीची अस्पृश्यता आणि तिकिटाचा दर एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणे महाडच्या लाठ्या खाल्लेल्यांचा अपमान होईल. पण दोन्हीकडे ‘हे सार्वजनिक नाही’ हे सिद्ध करण्याची जी घाई दिसते, ती एकाच कुळातली आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पश्चिम बेटावरची आठशेहून अधिक झाडे तोडली गेली, आणि त्याच सुमारास, म्हणजे सही झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने, भाडेकरार लोकांना वाचायला मिळाला. डिसेंबरमध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला: कंपनी निवडण्याची प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि उत्तरदायी नव्हती, आणि सरकारी तिजोरीवरचा बोजा २.२ अब्ज डॉलरपर्यंत जाऊन पोहोचला आहे. खासगी भांडवल येणार म्हणून सुरू झालेली गोष्ट होती ही.

आणखी एक धागा याला जोडलेला आहे. टोरंटोचे विज्ञान केंद्र १९६९ पासून सरोवरापासून दूर, फ्लेमिंग्डन पार्क आणि थॉर्नक्लिफ पार्क या वस्त्यांजवळ होते. या वस्त्यांत कष्टकरी स्थलांतरित राहतात, दक्षिण आशियातलेही पुष्कळ. सरकारने ते केंद्र ऑन्टारिओ प्लेसच्या जागेत, कमी आकारात, हलवायचे ठरवले, आणि २१ जून २०२४ रोजी छताच्या धोक्याचे कारण देऊन एका दिवसात बंद केले. ते बांधणारे वास्तुविशारद रेमंड मोरियामा जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने त्यांना लहानपणी कुटुंबासह छावणीत डांबले होते. त्यांच्या कंपनीने दुरुस्तीसाठी विनामोबदला मदत देऊ केली, तरी कुलूप निघाले नाही. गरीब वस्तीतल्या मुलाच्या चालण्याच्या अंतरावरचे विज्ञान उचलून पर्यटकांच्या अंतरावर ठेवले जाते, याला आम्ही पुनर्विकास म्हणत नाही.

बाग वाचवू पाहणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. ही जागा ‘सर्वांची’ होती, असे ते म्हणतात. त्याआधी ती कुणाची होती? टोरंटोची जमीन मिसिसॉगा या आदिवासी राष्ट्राकडून १७८७ मध्ये ब्रिटिशांनी ‘विकत’ घेतली. त्या खरेदीचा दस्तऐवज पुढे कोरा निघाला. मग १८०५ मध्ये नवा करार झाला, दहा शिलिंगांत अडीच लाख एकर. २०१० मध्ये कॅनडा सरकारने त्यापोटी १४.५ कोटी डॉलर दिले. पण पाण्याचे काय? आपण पाणी कधी दिलेच नाही, असे म्हणत मिसिसॉगांनी २०१६ मध्ये आपल्या प्रदेशातल्या पाण्यावर हक्क सांगितला आहे. ऑन्टारिओ प्लेसची बेटे त्याच पाण्यात भराव टाकून केलेली आहेत.

दादरच्या चौपाटीवर ६ डिसेंबरला लाखो माणसे येतात, तेव्हा ‘गर्दी’ आणि ‘घाण’ हे शब्द कोण वापरतो हे आपण दरवर्षी ऐकतो. कोस्टल रोडच्या भरावातून निघालेल्या जागेचे काय करायचे, ही चर्चा त्याच शहरात चालू आहे. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण पाहिले. २००१ च्या नियमबदलाने मोकळ्या जागेचा आणि गरिबांच्या घरांचा वाटा आकसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. इंदू मिलची जागा मात्र मिळाली, कारण डिसेंबर २०११ मध्ये भीमसैनिक आत शिरले आणि बसून राहिले. तेव्हा आराखड्यांवर हरकती मागवल्या जातात, त्या मुदतीत वस्तीवस्तीतून लेखी हरकती गेल्या पाहिजेत, आणि भाडेकरार सहीच्या आधी जाहीर करा ही मागणी त्यात पहिली असली पाहिजे. टोरंटोच्या लोकांना तो सहीनंतर मिळाला.