महालक्ष्म्यांच्या उशा

भाद्रपदात महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. त्यांच्या नि पिलवंडांच्या मागे ठेवावयाच्या वीतभर उशा आमच्या वालूरच्या घरी हातानेच शिवीत. आत सरकी काढलेला कापूस. वर खणाच्या, लुगड्याच्या तुकड्यांची कोयरी, कडा मुडपून बारीक टाक्यांनी बसविलेली. महायुद्धातील कापडटंचाईत तर चिंधीसुद्धा मोलाची!

आजेसासूबाईंची एक उशी अजून आहे. तिच्यावरील हिरवा तुकडा रझाकारांच्या भीतीने गाव सोडताना नेसलेल्या लुगड्याचा, असे त्या सांगत. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा त्या परतल्या.

ओडिशातील पिपलीचे असले तुकडेकाम जगन्नाथाच्या रथयात्रेमुळे नावाजले. आमच्या बायकांची नावे कोणी लिहिली नाहीत. हल्ली बाजारात फोमच्या तयार उशा मिळतात, दिसतातही बऱ्या.

यंदा त्या उशीचा कोपरा उसवला. तेथे मी माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा लावला आहे.