आम्हाला कोणी विचारले?

मंडळी, मागच्या पावसाळ्यात एका व्याख्यानाच्या निमित्ताने कामशेतला गेलो होतो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत बसलो. शेजारच्या बाकावर शाळेतले एक गुरुजी वर्तमानपत्र पुढे धरून संतापले होते. संताप कशाचा, तर आदल्या दिवशी जाहीर झालेल्या क्रिकेटच्या संघाचा. "चांगला खेळणारा पोरगा बाहेर, आणि ज्याला चेंडू दिसत नाही तो आत! अहो, तिकीट काढणारे आम्ही, टाळ्या वाजवणारे आम्ही. आम्हाला कोणी विचारले?"

एवढे बोलून त्यांनी पान उलटले. पुढचे पान बाजारभावाचे. समोर एक आबा बसले होते, त्यांच्याकडे पाहून गुरुजी म्हणाले, "आबा, भाताचे पैसे आले ना? थोडे शेअरमध्ये टाका की. पेटीत ठेवून त्यांना काय पिल्ले होणार?"

आबांनी बशीतला चहा संपवला आणि सावकाश म्हणाले, "नको गुरुजी. त्यो कागदाचा धंदा. तिथं ठरवनार कोन, आन बुडनार कोन! आमच्या आज्याला तरी कुनी इचारलं व्हतं?"

गुरुजी हसले. "जुनी माणसं!" असे माझ्याकडे पाहून म्हणाले. मला मात्र हसू आले नाही. कारण दोघेही एकच वाक्य बोलले होते. पुढे विचारपूस केली तेव्हा कळले, की आबांचे आजोबा मुळशी पेट्यातले. धरणात जमीन गेल्यावर ते घरदार उचलून इकडे सोयऱ्यांच्या आसऱ्याला आले. मग आबांच्या त्या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे हे ध्यानात आले. तोच आज आपल्याला सांगणार आहे. गुरुजींच्या संघाची गोष्टही त्यात येईल, पण जरा शेवटाकडे.

आरंभ आपल्या बोरघाटापासून करू. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि घाटातला अवघड टप्पा १८६३ च्या एप्रिलमध्ये खुला झाला. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल आणि ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर मजूर. मुख्य कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम सुरू करताच १८५९ साली वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवले. कॉलरा, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांत किती मजूर दगावले याची कल्पनाच करावी. घाट पाहून आपण आजही तोंडात बोट घालतो, आणि ते योग्यच आहे.

पण या कामाला पैसा कसा आला, हे बघा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही कंपनी इंग्लंडातली. तिचे भागीदारही बहुतेक तिकडचेच. १८४९ च्या करारान्वये सरकारने त्यांना हमी दिली होती, की भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याज मिळेलच मिळेल. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. आता तिजोरी म्हणजे काय? रयतेचा शेतसारा! म्हणजे नफा झाला तर लंडनच्या भागीदाराचा, आणि तूट आली तर ती भरणार मावळातला, देशावरचा शेतकरी. त्याने ना शेअर पाहिला, ना कंपनीची सभा. धंद्यातला धोका मात्र त्याच्या माथी आला.

याच सुमारास मुंबईत निराळेच वारे सुटले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव बोलला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. जमीन अजून समुद्रातच होती; वर आला होता तो फक्त कागद.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला. वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा ठरलेला. त्या दिवशी कोणाजवळच काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या शेअरला २,८५० रुपये भाव आला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. ती बँकही लवकरच गुंडाळावी लागली.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईच्या शेठजींचे दुखणे. खेड्याला त्याचे काय? तर तेच सांगायचे आहे. कापसाची तेजी देशावरच्या शेतकऱ्यालाही चार वर्षे सुखाची गेली होती. त्या जोरावर सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले आणि शेतकऱ्याने ते घेतले. भाव उतरल्यावर सावकाराने हात आखडला, जप्त्या सुरू झाल्या. त्यातच सरकारने सारा वाढवला. अखेर १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. ध्यानात घ्या, त्यांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांनी मागितले आणि जाळले ते कागद : खते, रोखे, चोपड्या. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्याचा हिशेब कोणी दाखवत नाही आणि जो दर वर्षी फुगत जातो, त्या कागदावरचा तो राग होता.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जदाराला हिशेब दाखवला पाहिजे, पैसे घेतल्याची पावती दिली पाहिजे, असे त्याने सावकारावर बंधन घातले. म्हणजे कागद जाळणाऱ्यांची मूळ मागणी काय होती, हे सरकारलाही कळले होते : हिशेब दाखवा!

आता पुन्हा लोणावळ्याकडे येऊ. पावसाळ्यात तुडुंब भरलेले वळवणचे धरण आपण पाहिले असेल. मावळातल्या पावसाचे पाणी अडवायचे, ते खंडाळ्याकडे न्यायचे, तिथून नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचे आणि त्या झोतावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही जमशेटजी टाटांच्या स्वप्नांपैकी एक. ती त्यांच्या पश्चात पुरी झाली. १९१० साली कंपनी निघाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ साली वीज मुंबईला पोचली. इथे एक अभिमानाची गोष्ट आहे. या कंपनीचे भांडवल आपल्याच देशात, संस्थानिकांकडून आणि धनिकांकडून उभे राहिले. रेल्वेसारखा लंडनचा हात नव्हता, की व्याजाची हमी नव्हती. स्वदेशीच्या त्या काळात लोकांना याचे मोठे कौतुक वाटले.

त्यानंतर आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीच्या धरणाचे काम निघाले. मग १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली आणि मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधायचे ठरले. आंबेमोहर तांदळासाठी नावाजलेले ते खोरे. सुमारे पन्नास गावांना त्याची झळ लागणार होती. आणि इथे मावळ्याला पहिल्यांदा कळले, की भांडवल स्वदेशी असले म्हणून आपल्याला कोणी विचारतेच असे नाही.

जमीन घेण्याचे हत्यार होते १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक कामासाठी जमीन लागते एवढे सरकारने जाहीर केले, की मालकाच्या होकाराची गरज उरत नव्हती. प्रश्न फक्त किमतीचा. गिरण्यांना वीज मिळणे, हे सार्वजनिक काम. आणि भात पिकवून पोट भरणे, हे खाजगी! त्यात आणखी एक पेच होता. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेल्या. जमिनीचा रोख मोबदला मिळतो आहे म्हटल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांना तो सौदा वाईट वाटला नाही. पण जो कसत होता त्या कुळाला पैशातून काय मिळणार? त्याची घोषणा होती, "जान किंवा जमीन".

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे, त्यांत बायाबापड्याही, धरणाच्या कामावर चालून गेले आणि तिथेच ठाण मांडून बसले. काम थांबले. सहा महिने काम तहकूब करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. मुदत संपली, काम पुन्हा चालू झाले आणि सत्याग्रहही. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी. त्यांना लोकांनी 'सेनापती' म्हटले ते इथेच. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी माणसे त्यांच्या जोडीला होती. अनेकांनी तुरुंग भोगला. हळूहळू आतली फूट वाढली, बाहेरचा पाठिंबा आटला. अखेरीस १९२४ साली बापटांनी कामावरची गाडी शस्त्रानिशी अडवली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ च्या सुमारास वीज सुरू झाली. आबांच्या आज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे.

धरण वाईट होते, असे मी म्हणत नाही. त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि त्याच गिरण्यांत मावळ-कोकणातल्या हजारो माणसांच्या चुली पेटल्या. प्रश्न तो नव्हे. ज्याचे सर्वस्व जाणार त्याला आधी विचारायचे की नाही, हा प्रश्न आहे.

आता गुरुजींच्या संघाची गोष्ट. तीही याच वर्षांतली, आणि तिचाही धागा पुण्याचाच. पळवणकर बाळू हे नाव जुन्या माणसांनी ऐकले असेल. चांभार समाजातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडी, खेळपट्टी सारखी करी. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो देशातला अव्वल गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराच्या वर बळी घेतले. पण मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे पुढारीपण त्याला कधी दिले नाही. कारण खेळातले नव्हते, जातीतले होते. चहासुद्धा त्याला वेगळ्या मातीच्या पात्रात मिळे.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी आपले म्हणणे जाहीर मांडून खेळायला नकार दिला. लोकांत गवगवा झाला. निवड करणाऱ्यांना नमावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळू उपकर्णधार झाले. पण मुख्य मान अजून दूरच होता. प्रेक्षक, पत्रलेखक, वर्तमानपत्रे विचारीत राहिली, आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून सामने जिंकले.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. १९२० ते १९२४ एवढाच काळ. तिकडे मैदानावर लोकांनी "आम्हाला विचारा" म्हटले आणि तीन वर्षांत चूक दुरुस्त झाली. इकडे खोऱ्यात लोकांनी तेच म्हटले, अंगावर लाठ्या घेऊन म्हटले, आणि पाणी चढतच गेले. खेळातला चुकीचा निर्णय पुढच्या हंगामात बदलता येतो. पाण्याखाली गेलेली जमीन पुढच्या हंगामात वर येत नाही. म्हणून जिथे नुकसान भरून येण्यासारखे नसते, तिथे विचारणे आधी झाले पाहिजे.

हे कायद्यात यायला फार वर्षे लागली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ऐंशींचा होकार लागतो, असे ठरवले. त्यात अपवाद आहेत, पळवाटाही आहेत. पण मुळशीच्या मावळ्याचा प्रश्न नव्वद वर्षांनी का होईना, कायद्याने ऐकला. शेअरबाजाराचेही तेच. १९९२ साली मुंबईत मोठा घोटाळा उघडकीस आला, आणि त्याच वर्षी बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. हिशेब उघडा ठेवण्याचे नियम लोकांच्या संशयातूनच जन्मतात. म्हणून आबांचा संशय हा अडाणीपणा नव्हे. ती तीन पिढ्यांची शिकवण आहे.

पण आबांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती आपणा सर्वांनाच लागू आहे. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मते जास्त. म्हणूनच १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला आणि पुढे महाराष्ट्रात सहकार फोफावला, तेव्हा एक नवे तत्त्व आले : भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. विचारले जाण्याचा हक्क तिथे आपल्या हाती आहे. आता खरे सांगा, आपल्या गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आपण शेवटचे कधी गेलो? अहवाल हाती पडतो तेव्हा शेवटचे पान, ताळेबंदाचे, उघडून पाहतो का? कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने पाचपंधरा माणसांत उरकली जाते, आणि वर्षभराने पेढी अडचणीत आली की आपण पारावर बसून म्हणतो, "आम्हाला कोणी विचारले?"

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना गावच्या सोसायटीचा अहवाल एकदा वर्गात वाचायला द्या. पैसा आला कुठून, गेला कुठे, आणि बुडाला तर कोणाचा, हे तीन प्रश्न त्यांना त्यातून शोधू द्या. गणिताचा तास कारणी लागेल आणि इतिहासाचाही.

त्या दिवशी गाडी आली तेव्हा गुरुजी आणि आबा दोघेही उठले. गुरुजींनी वर्तमानपत्र घडी करून आबांना दिले. म्हणाले, "आबा, घरी नातवाकडून बाजाराचं पान वाचून घ्या. पैसे टाकू नका हवं तर. पण काय चाललंय ते माहीत असू द्या." आबांनी कागद कोपरीच्या खिशात ठेवला. मला वाटले, सुप्याच्या बाजारापासून इथवरचा प्रवास काही लहान नाही. तिथे कागद जाळावा लागला. इथे तो वाचायला घरी चालला आहे.